खडाखडी आणि पांढरा रस्सा

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पहिल्यांदा कुस्ती बघायला बसलेला माणूस पाच-सात मिनिटांत चुळबुळ करू लागतो. समोर दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून, कपाळाला कपाळ भिडवून गोल फिरत असतात. कुणी कुणाला उचलत नाही, कुणी पडत नाही. मागून कुणीतरी ओरडतं, ‘अरे धर की, बघतोस काय!’ हा आवाज बहुधा बाहेरगावच्या पाहुण्याचा असतो. शेजारचा म्हातारा मात्र मांडीवर कोपर टेकून पुढे झुकलेला असतो. पैलवानांच्या हातांकडे त्याचं लक्षच नसतं. तो त्यांचे पाय बघत असतो. त्याच्या लेखी कुस्ती केव्हाच रंगात आलेली असते.

या झटापटीला खडाखडी म्हणतात. कोल्हापूरचं नाव काढलं की लोकांना ताकद आठवते आणि तिखट आठवतं. दोन्ही इथे आहेतच, भरपूर आहेत. पण या गावाची खरी करामत मला ताकद आणि तिखट राखून वापरण्यात दिसते. मैदानात ती खडाखडीत दिसते, पानात पांढऱ्या रश्श्यात. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांनी अंबाबाईचं दर्शन घ्यावं, रंकाळ्यावर फिरावं, पन्हाळा चढावा. पण एक संध्याकाळ मैदानासाठी आणि एक दुपार कुणाच्या तरी घरच्या जेवणासाठी मोकळी ठेवावी. आणि दोन्ही ठिकाणी नेमकं काय बघायचं, हे आधी ठाऊक असावं.

सुरुवात मैदानापासून करू. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी राजर्षी शाहू महाराज इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोझियम पाहिलं आणि तशा धर्तीचं मैदान आपल्या गावात बांधायचं मनात घेतलं, असं कोल्हापुरात सांगतात. 1912 मध्ये खासबाग उभं राहिलं. मध्ये कुस्तीच्या मातीचा गोल हौद, त्याभोवती मोकळी जागा आणि तिथून चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक. या चढातच बांधणाऱ्याची नजर दिसते. सगळ्यात वर, सगळ्यात मागे बसलेल्या माणसालाही पैलवानाची टाच दिसते. पुढच्याचं डोकं आड येत नाही. कुस्तीत सगळा निकाल पायांत लागतो, हे ज्याला माहीत आहे त्यानेच असं मैदान बांधावं. शेजारीच पुढे दोन-तीन वर्षांत पॅलेस थिएटर झालं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट 2024 च्या आगीत ते होरपळलं तेव्हा गावातले पैलवानही नटांइतकेच हळहळले. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं थिएटर भिंतीला भिंत लावून बांधणाऱ्या राजाला प्रेक्षक म्हणजे काय हे पक्कं कळत होतं.

आता माती. लांबून ती नुसती तांबडी दिसते. मैदान सुरू व्हायच्या आधी जमलं तर जवळ जावं, चिमूटभर बोटांत घेऊन चोळावी. ती रवाळ लागत नाही, मऊ लागते, किंचित ओलसर आणि किंचित तेलकट. चाळलेल्या तांबड्या मातीत काव, ताक, तेल, लिंबू, हळद आणि कापूर मिसळून ती मुरवलेली असते. ताकाने आणि तेलाने ती धरून राहते, धूळ होऊन डोळ्यांत जात नाही. हळद आणि कापूर खरचटलेल्या अंगासाठी. तालमीत रोज पहाटे ही माती खोऱ्याने उकरतात, आणि ते काम बहुधा पैलवानच करतात. उकरणं हाच एक व्यायाम असतो. त्यामुळे ज्या मातीवर पडायचं ती आपल्याच हाताने मऊ केलेली असते. मुलांना या मातीचा वास घ्यायला सांगावा. लिंबू आणि कापूर त्यांना लगेच ओळखता येतो; ताकाचा आंबूस वास जरा वेळाने, मागाहून येतो.

पैलवान हौदात उतरताना माती कपाळाला लावतो, एवढं सगळे बघतात. पुढची एक गोष्ट निसटते. हातसलामी झाली की दोघंही वाकून माती उचलतात आणि आपल्या अंगाला लावतात तशीच ती समोरच्याच्या मानेवर, दंडावर टाकतात. घामाने अंग निसटू नये, पकड बसावी, म्हणून. ज्याला पाडायचं त्याची पकड आपल्यावर नीट बसेल अशी सोय दोघंही करून देतात. निसटून जिंकणं या मातीला मान्य नाही. नियमांच्या पुस्तकाची वाट न बघता इतकी सभ्य चाल रूढ करणाऱ्या खेळापुढे मी दरवेळी मनातल्या मनात हात जोडतो.

आणि मग खडाखडी. ती बघायची म्हणजे तीन गोष्टी बघायच्या. एक, पाय. चांगला पैलवान चालताना पाय उचलत नाही, मातीतून ओढत नेतो, कारण उचललेला पाय म्हणजे अर्धा गेलेला तोल. दोन, मानेवरचा हात. तो नुसता ठेवलेला नसतो. त्यातून लहान लहान हिसके चालू असतात, आणि प्रत्येक हिसका म्हणजे विचारणा असते: तू कोणत्या पायावर उभा आहेस? डावीकडे ढकललं तर काय करतोस? उत्तर म्हणून समोरच्याचं अंग जे काही करतं, ते लक्षात ठेवलं जातं. तीन, श्वास. पोट आत-बाहेर कसं होतंय यावरून कोण आधी थकणार हे जाणकार सांगतात. खाली हौदाशेजारी बसलेले वस्ताद याच वेळी सगळ्यात कमी बोलतात. फार तर ‘घाई नको रे’ एवढंच. तरणाबांड, अंगात वारं भरलेला गडी, समोर हजारो लोक, आणि त्याला सांगितलं जातंय घाई नको. तो ऐकतो. मला त्या ऐकण्यातच त्याची सगळी मेहनत दिसते.

पंचगंगेकाठच्या एका गावच्या जत्रेत पाहिलेली कुस्ती सांगतो, म्हणजे म्हणणं स्पष्ट होईल. जोड विषम वाटत होती. निळ्या लांगेचा उंच, रुंद छातीचा. लाल लांगेचा त्याच्यापेक्षा वीतभर बुटका. खडाखडी सुरू झाली आणि लाल लांगेवाला समोरच्याला मागे ढकलू लागला. जोराने नाही, हळूच. एक रेटा, मग थांबणं. पुन्हा एक रेटा. उंच पैलवानाला त्यात काही विशेष वाटलं नाही. रेटा आला की तोही पुढे रेटायचा आणि जागा परत मिळवायचा. मध्ये एकदा लाल लांगेवाल्याने पट काढायला मुसंडी मारली, पायाला हातही घातला, पण उंच पैलवानाने वजन टाकून ती उधळली. लोक हसले. मला वाटतं तो पट लागावा अशी त्याची इच्छाच नव्हती. त्या मुसंडीनंतर उंच पैलवान पुढच्या पटाच्या धास्तीने कमरेत जरा जास्त वाकून उभा राहू लागला. त्याची मान पुढे आली. हवं होतं ते एवढंच.

मग पुन्हा तेच रेटे. रेटा, उलट रेटा. रेटा, उलट रेटा. समोरच्या अंगाला त्या तालाची सवय झाली. आणि एका वेळी लाल लांगेवाल्याने रेटा दिलाच नाही. उंच पैलवान सवयीने पुढे आला, तर पुढे अडवायला काहीच नव्हतं. त्या क्षणी एक हात मानेभोवती, दुसऱ्याने दंड ओढलेला, पाय वळले, कंबर आत शिरली, आणि तो एवढा थोरला देह कमरेवरून फिरून पाठीवर आला. ढाक! दोन्ही खांदे मातीला लागले होते आणि लाल लांगेवाला छातीवर आडवा होता. उडवायला लागली ती ताकद बहुतेक समोरच्याचीच होती. याने तिला फक्त वाट करून दिली. डाव दिसला तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत. शिजत मात्र तो पहिल्या रेट्यापासून होता.

ढाक म्हटलं की खाशाबा जाधवांचं नाव घ्यावंच लागतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा शिडशिडीत मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला आणि याच मातीत तयार झाला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला तो गेला तेव्हा गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती, तरी फ्लायवेट गटात सहावा आला. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. बँटमवेट गटात खाशाबांनी ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा हातखंडा ढाक डावावर होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. ढाक हा देहाने लहान असलेल्या, पण समोरच्याचा तोल वाचता येणाऱ्या माणसाचा डाव आहे. कलाजंगही तसाच: समोरच्याच्या हाताखालून आत शिरायचं, पायांत हात घालायचा आणि त्याला खांद्यावर घेऊन पलीकडे टाकायचं. हे डाव शिकायला वर्षं जातात. पण ते कधी टाकायचे हे कळायला खडाखडीतच मुरावं लागतं.

मातीच्या कुस्तीत गुणांची पाटी महत्त्वाची नसते. पाठीला माती लागली की निकाल. त्यामुळे मोठ्या जोडीची कुस्ती अर्धा-अर्धा तास चालते आणि कधीकधी बरोबरीत सोडवावी लागते. काहींना हे आजच्या काळाला धरून वाटत नाही. गादीवरच्या कुस्तीचा वेग आणि तिची काटेकोर मोजणी मलाही आवडते, आणि पदकं तिच्यातच मिळतात हेही खरं. पण रसिक म्हणून विचाराल तर वाट बघायची मुभा जिथे आहे तिथेच मला जास्त बघायला मिळतं.

मैदानात हलगी वाजत असते, तिच्याकडेही कान द्यावा. खडाखडी चालू असताना चांगला हलगीवाला ठेका संथ ठेवतो, काठीने कडेवर बारीक बारीक बोलतो. कुणी कब्जा घेतला, म्हणजे मागे जाऊन कमरेला मिठी घातली, की हलगीवाल्याचे हात भराभर चालू लागतात, घुमकं आणि कैताळ ही वाद्यं त्याला येऊन मिळतात. पाठ फिरवून गप्पा मारणारी माणसंही तो बदल ऐकून वळून बघतात. हलगीवाला कुस्ती बघतच वाजवत असतो. तो पैलवानांच्या आधी एक क्षण चालला तर कुस्ती बिघडते आणि एक क्षण मागे राहिला तर मजा जाते. इतकं नेमकं राहणं सोपं नाही.

जत्रेच्या मैदानात दुपारी पहिल्यांदा लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. पाच-सहा वर्षांचं पोर, कमरेला आजोबांनी कसून बांधलेला लंगोट, आणि समोर तेवढंच दुसरं. त्या पोरांचे आई-बाप, आत्या, मामा सगळे कडेला. पडलेलं पोर रडायला लागायच्या आतच पंच त्याला उचलून जिंकलेल्याच्या हातात त्याचा हात देतात आणि दोघांनाही रेवड्या मिळतात. पहिल्या कुस्तीत हरलेल्यालाही गोड खायला देणारी ही पद्धत मला सगळ्या खेळांत यावी असं वाटतं. बाहेरगावची मुलंही हे बघून कडेला एकमेकांच्या माना धरू लागतात. धरू द्यावं. कपडे धुता येतात.

मैदान नसेल त्या दिवसांत तालीम आहे. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशी नावं गावात सहज कानावर पडतात. पहाटे परवानगी घेऊन, चपला बाहेर काढून आत जावं. अंधूक उजेडात जोर मारणाऱ्यांच्या रांगेत कुणी कुणाशी बोलत नाही. छाती मातीजवळ जाते आणि साऱ्या रांगेचा श्वास एकदम बाहेर पडतो, तेवढाच आवाज. कोपऱ्यात कुंडीत थंडाई घोटली जात असते: भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, वेलची, काळी मिरी. घोटणारा हात फिरवतोय कसा ते बघावं. तो वरून ठेचत नाही, लाकडी दंडुका कुंडीच्या कडेला रेटून गोल फिरवतो, त्यामुळे बदामाचं तेल सुटतं आणि खसखस अख्खी राहत नाही. खसखस, वेलची आणि मिरी ही नावं ध्यानात ठेवा. दुपारी पानात ती पुन्हा भेटणार आहेत.

संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या असतात. लोटा घेऊन या, समोर धार काढून घ्या आणि तिथेच प्या. शहरातल्या मुलांना, दूध पिशवीत आणि फ्रिजमध्ये असतं एवढंच माहीत असलेल्या मुलांना, हा मोठाच धाडसाचा प्रसंग असतो. ग्लास हातात आला की तो कोमट लागतो, यालाच ती पहिल्यांदा दचकतात. वर बोटभर फेस. फेस आधी चाखायचा, मग दूध. त्या फेसाला स्वतःची अशी गोडी असते, साखर घातलेल्या दुधाला ती येत नाही. आमच्या घरातल्या सगळ्यात नखरेल खाणाऱ्या मुलीने पांढऱ्या मिशीसकट ग्लास पुढे केला आणि दुसऱ्यांदा मागितला, तो दिवस मला आठवतो. नाजूक पोटाच्या माणसाने मात्र ते तापवून घेऊनच प्यावं.

आता स्वयंपाकघरात. कोल्हापुरी घरात रविवारचं मटण म्हणजे एकाच पातेल्यातून निघालेल्या तीन गोष्टी, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा आणि सुकं, आणि त्या तिन्हींची आई म्हणजे आळणी. मटणाला आलं-लसूण, मीठ आणि हळदीची चिमूट लावून, तुपावर परतून, वर झाकणात पाणी ठेवून ते शिजवतात. झाकणातलं गरम झालेलं पाणीच बेताबेताने आत घालतात; गार पाणी घातलं तर मांस आखडतं. त्यातून निघणारा अर्क म्हणजे आळणी. घरातलं सगळ्यात लहान मूल आणि सगळ्यात म्हातारं माणूस यांना पहिली वाटी याचीच मिळते. तिखटाचा कण नाही, फक्त मटण, मीठ आणि आल्याचा उबदारपणा. जेवणाची परीक्षा इथेच होते. आळणी पातळ आणि निर्जीव लागली तर पुढे मसाल्याने कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नाही.

या आळणीचेच दोन रस्ते होतात. पांढऱ्या रश्श्याची बाजू माझ्या मामी स्वतः सांभाळायच्या. ‘सर बाजूला, हे मी बघतो,’ म्हणायच्या आणि तांबड्याचा चमचा सुनेच्या हातात द्यायच्या. त्यामागचं कारण रस्सा बघताना कळतं. तुपात दालचिनी, लवंग, वेलची, मिरी टाकायची, पण ती काळी पडू द्यायची नाही, कारण रंगाला एवढासाही डाग चालत नाही. खसखस, पांढरे तीळ आणि काजू भिजवून गंधासारखे बारीक वाटलेले. हे वाटण तुपात परतायचं, तेही मंद आचेवर, तांबूस व्हायच्या आत. मग गाळलेली आळणी. आळणीला लावलेली हळद चिमटीतच का असते ते इथे समजतं. जरा जास्त पडली तर रस्सा पिवळट होतो आणि मामींच्या कपाळाला आठी पडते. सगळ्यात शेवटी नारळाचं पहिलं, दाट दूध. ते घातलं की खदखदून उकळी येऊ द्यायची नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की आच बंद. उकळी आली तर दूध फुटतं, वर तेलाचे डोळे तरंगतात आणि मग ते दुरुस्त होत नाही. मामी तेवढ्या वेळात पातेल्यावरून नजर हलवत नसत आणि पळी एकाच दिशेने फिरवत. हीही खडाखडीच.

वाटी तोंडाला लावली की पहिल्यांदा नारळाची गोडी येते, मग मटणाचा अर्क, आणि घोट गिळून झाल्यावर घशात मागून मिरी आणि आलं येतात. पांढऱ्या रश्श्याला तिखट नाही असं समजणाऱ्यांनी हा शेवटचा भाग थांबून चाखलेला नसतो. तिखट आहे, पण ते सगळ्यात उशिरा येतं आणि जिभेऐवजी घसा गरम करतं. मला तर कोल्हापुरी जेवणातली ही सर्वांत अवघड आणि सर्वांत देखणी चीज वाटते.

तांबड्याची ख्याती जास्त, त्यामुळे त्याच्यावर अन्यायही जास्त. बऱ्याच ठिकाणी तेलाचा बोटभर तवंग आणि जाळणारी पूड यालाच कोल्हापुरी म्हणून खपवतात. घरचा तांबडा असा नसतो. त्याचा रंग ब्याडगी मिरचीचा आणि झणका संकेश्वरीचा. कुणी किती, हे प्रत्येक घराचं वेगळं. उन्हाळ्यात मिरच्या गच्चीवर वाळवून, देठं काढून, सुकं खोबरं, तीळ, धणे आणि गरम मसाले भाजून, कांदा-लसूण घालून सगळं डंकावर कुटून आणतात आणि वर्षाची चटणी बरणीत भरतात. त्या दिवसांत घरातली सगळी माणसं शिंकत असतात आणि सगळी कामाला असतात. देठं काढायचं काम शेंडेफळाचं. या चटणीत खोबऱ्याची आणि तिळाची भाजकी गोडी असल्यामुळे चांगला तांबडा आधी खमंग लागतो आणि नंतर तिखट. कट, म्हणजे वरचा तिखट तवंग, येतो तो पातळ, चमकदार. पळीने बाजूला सारता येतो. त्याखालचा रस्सा मुलांना द्यावा, कट मोठ्यांनी घ्यावा.

रक्तीबद्दल थोडंसं, कारण पाहुणे इथेच अडखळतात. बोकडाचं साकळलेलं रक्त उकडून, चिरून, कांदा-लसूण आणि घरच्या चटणीवर सुकं परततात. दिसायला काळसर तपकिरी, खुसखुशीत. पहिल्या घासाला जीभ काय मिळणार याची वाट बघत असते आणि मिळतं ते काळजासारखं, पण त्याहून हलकं काहीतरी. मुलांना आधी नाव सांगू नये असं काहीजण म्हणतात; मी आधीच सांगतो. ज्याला खायचं तो जाणून खातो, आणि जाणून खाल्लेला घास पुढे त्याच्या लक्षात राहतो. आमच्याकडच्या पोरांत ज्याने आधी खाल्ली तो दिवसभर पैलवानाच्या चालीने हिंडत होता.

सुकं मटण आणि भाकरी यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते चांगलंच असतं, मसाला हाडाला धरून असावा एवढंच. क्रम मात्र पाळावा. आधी पांढऱ्याची वाटी, नुसती, भुरकून. मग तांबडा भाकरीबरोबर. मधूनच पुन्हा पांढरा, घसा शांत करायला, आणि शेवटी भातावर दोन्ही, एका बाजूला एक. पांढरा आणि तांबडा एकत्र कालवणारे लोक आहेत, त्यांच्याशी मी भांडत नाही, पण त्यांना दोन्हींपैकी एकही मिळत नाही असं माझं मत आहे.

वाढणाऱ्यांकडेही बघावं. रस्सा इथे मोजून वाढत नाहीत, वाटी रिकामी झाली की पळी हजर. पण पांढऱ्याची पळी भरायच्या आधी मामी ती प्रत्येक वेळी तळापर्यंत नेऊन एकदा वर आणत. खसखस आणि काजूचं वाटण जड, ते हळूहळू खाली बसतं. वरवर वाढलं तर पहिल्या पंगतीला पाणचट रस्सा जातो आणि शेवटी पातेल्यात नुसता गाळ उरतो. त्यामुळे सगळ्यात शेवटी जेवायला बसणाऱ्या सुनांच्या वाटीतही पहिल्या पाहुण्याच्या वाटीतलाच रस्सा असायचा, तितकाच दाट आणि तितकाच पांढरा.